जुना ट्रॅक्टर थंड असतानाच रेडिएटरमध्ये प्रेशर धरतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचा ३५ एचपीचा, तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर आहे. ट्रॉलीला काही त्रास नाही, पण रोटाव्हेटर लावला की थोड्याच वेळात ओव्हरफ्लो पाइपातून पाणी फेकायला लागतो. रेडिएटरचं झाकण नवीन टाकलं, फॅनबेल्ट ताणला, जाळीतला भुसा हवा मारून काढला. फरक शून्य.

खरा घोळ असा की सकाळी थंड इंजिन चालू केलं की मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो. टेंपरेचरचा काटा तेव्हा हललेलाही नसतो. पाणी तापायच्या आत एवढं प्रेशर, म्हणजे कम्प्रेशनच (सिलिंडरमधला दाबाचा गॅस) पाण्यात उतरतंय ना? थंड असताना झाकण काढून रेस दिली की बुडबुडेही येतात. ऑइल मात्र स्वच्छ, डिपस्टिकवर दुधाळपणा अजिबात नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं दिसत नाही.

एक मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, दुसरा म्हणतो हेडलाच क्रॅक. (दोघांनाही हेड खोलायची भारी घाई.) त्याआधी एकेका इंजेक्टरचा पाइप सैल करून बुडबुडे कुठल्या सिलिंडरला कमी होतात, यावरून काही कळेल का? आणि हेड उतरवलंच तर फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) आणि क्रॅकसाठी प्रेशर टेस्ट करूनच घ्यावी, की नुसतं गॅस्केट बदलून भागेल? पेरणी तोंडावर आलीय, जाणकारांनी जरा लवकर सांगा.