अनुभव धागा: तो पीडीएफ गेला कुठे? तांत्रिक कागद शोधताना आणि जपताना

निळीफाईल:
परवा गणपतीचं मखर काढायला माळ्यावर चढले तर मखराच्या मागे अण्णांची निळी फाईल सापडली. अण्णांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं इचलकरंजीत, मागच्या मे महिन्यात अण्णा गेले. फाईलमध्ये एका ड्राइव्हच्या (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा डबा) मॅन्युअलची स्पायरल प्रिंट आहे, ती मीच काढून दिली होती २००९ साली, इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा. एका सायझिंगमधला (सुताला खळ लावायचा कारखाना) ड्राइव्ह सारखा ट्रिप व्हायचा, म्हणजे आपोआप बंद पडायचा, डिस्प्लेवर नुसता कोड यायचा, त्याचा अर्थ कुणाला माहीत नाही आणि सायझिंग बंद म्हणजे पुढचे माग पण बंद. मी तीन संध्याकाळी नेटकॅफेत बसले. पीडीएफ अर्ध्यावर यायचा की लाईट जायची, की परत पहिल्यापासून. शेवटी मिळाला. कोड होता ओव्हरव्होल्टेजचा. मोटार झटक्यात थांबवली की तीच वीज उलटी ड्राइव्हमध्ये भरते आणि तो ट्रिप होतो. अण्णांनी त्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवलंय, "थांबायची वेळ ५ सेकंद होती, १५ केली, चालू." बास, एवढंच.

आता खरं दुखणं. मागच्या वर्षी तसाच जुना ड्राइव्ह भावाकडे दुरुस्तीला आला. त्याने चार दिवस नेटवर शोधलं. ती कंपनी दुसऱ्या कंपनीने कधीच विकत घेतलीय, जुनी लिंक दाबली की नवीन मालकाच्या पहिल्या पानावर जाऊन पडतो, तिथे जुन्या मॉडेलचं नाव पण नाही. माझा पेन ड्राइव्ह कधीच हरवलाय. भावाने शेवटी गिऱ्हाइकाला नवीन ड्राइव्ह घ्यायला लावला. आणि प्रिंट सगळा वेळ आमच्याच माळ्यावर होती हो.

तुमचं असं काही झालंय का? लिहा. मला वाचायचंय.

झेनर_डायोड:
७८०५ आणि ७९०५!! ज्यांनी डिप्लोमा केलाय त्यांना कळेल, व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या तीन पिनांच्या आयसी. ७८०५ ला पिना इनपुट, ग्राउंड, आउटपुट. मी धरून चाललो ७९०५ पण तशीच असणार, फक्त व्होल्टेज उणे. नाही. तिथे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. सबमिशनच्या आदल्या रात्री तीन आयसी गेल्या, दुकानं बंद. डेटाशीट शोधली होती की मी, पण ज्या साइटवर मिळाली तिथे फक्त पहिलं पान दिसायचं, पुढच्या पानांना मेंबरशिप मागत होते आणि पिनांचं चित्र नेमकं पुढच्या पानावर. सकाळी आमच्या लॅबमधल्या काकांनी सिगरेटच्या पाकिटावर चित्र काढून दिलं आणि वर सांगितलं की दोन्ही एकाच हीटसिंकवर लावू नको, लावायच्याच तर मधे मायका (वीज न जाऊ देणारा अभ्रकाचा तुकडा) घाल, कारण एकाचा पत्रा ग्राउंडला आहे आणि दुसऱ्याचा इनपुटला. ते पाकीट मी अजून जपलंय.

रानजाई:
निळीफाईल, अण्णांचं वाचून डोळ्यात पाणी आलं गं. इचलकरंजीत कुठे? माझं माहेर जयसिंगपूर.

निळीफाईल:
जवाहरनगर. तुमचं जयसिंगपूर म्हणजे शेजारीच की.

रानजाई:
मग काय! माझे मोठे काका मागवाले होते, घरात रात्रंदिवस खडखड. तो आवाज बंद झाला की आम्ही मुलं झोपेतून जागी व्हायचो. बरं विषयावर बोलायचं तर आमच्या वॉशिंग मशीनचं पुस्तक सहा महिने शोधतेय, मशीन पाणीच सोडत नाही.

सिमेंटवाळू:
सिव्हिलवाला. आमच्या वेळी आयएस ४५६, काँक्रीटचा कोड, म्हणजे कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडची प्रत. प्रतीची प्रत, तिची प्रत, कोष्टकातला ३ आणि ८ ओळखू यायचा नाही. नोकरीला लागल्यावर नेटवरून आयएस १८९३ उतरवला, भूकंपाचा कोड. दोन वर्षं तोच वापरला. मग एका कन्सल्टंट सरांनी विचारलं, अरे हा कोणत्या सालचा? बघितलं तर २००२ चा, आणि नवीन २०१६ ला आलेला. फाईलच्या नावात साल नव्हतंच ना. सर ओरडले नाहीत, त्यांनी किल्लारीची गोष्ट सांगितली. ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला तेव्हा किल्लारीचा भाग झोन १ मध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. २००२ च्या आवृत्तीत झोन १ काढूनच टाकला आणि तो भाग झोन ३ मध्ये आला. म्हणजे जुना कागद हातात असणं ही नुसती गैरसोय नाही, त्यावर कुणीतरी घर बांधतं. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक फाईलच्या नावात आधी नंबर, मग साल, मग दुरुस्ती क्रमांक. टीममधल्या पोरांना पण तेच करायला लावतो, वैतागतात ती.

आणि एक सांगायचं राहिलं, आता बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) साइटवर नोंदणी केली की बहुतेक भारतीय मानकं फुकट उतरवता येतात. आधी विकत घ्यावी लागायची. २०१३ च्या सुमारास पब्लिक रिसोर्स नावाच्या अमेरिकेतल्या संस्थेने हजारो भारतीय मानकं स्कॅन करून नेटवर टाकली, लोकांच्या जिवाशी संबंध असलेले नियम लोकांना वाचायला मिळाले पाहिजेत हे त्यांचं म्हणणं. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं होतं. ते म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

झेनर_डायोड:
रानजाई ताई, मशीनच्या मागे नाहीतर दाराच्या आत स्टिकर असतो त्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या, पुढच्या मागच्या अक्षरांसकट. तो अवतरणचिन्हात टाकून शोधा आणि पुढे फाइलटाइप, कोलन, पीडीएफ असं इंग्रजीत टाइप करा, मधे जागा नको. आणि पाणी सोडत नसेल तर पुस्तकाच्या आधी खालचा ड्रेन फिल्टर बघा, नाणं नाहीतर पिन अडकलेली असते. उघडायच्या आधी प्लग काढा आणि खाली परात ठेवा.

जहाजी:
मरीन इंजिनियर आहे. समुद्रात असताना मला कितीतरी वर्षं नेट म्हणजे मोजून मापून मिळायचं, मॅन्युअल उतरवणं विसराच. त्यामुळे बंदरात नेट मिळालं की आम्ही आधी पीडीएफ गोळा करायचो, घरचा फोन नंतर. (बायको हे वाचणार नाही अशी आशा.) जहाजावर छापील मॅन्युअल असतात पण तेलाच्या हातांनी उघडून उघडून नेमकं हवं तेच पान गायब. मी एका हार्ड डिस्कमध्ये अकरा वर्षांचं जमवलं होतं, प्युरिफायर, कॉम्प्रेसर, बॉयलर, जुन्या चीफ इंजिनियरने दिलेल्या हाताने काढलेल्या लाइन डायग्रामचे फोटो. एका कॉन्ट्रॅक्टवरून परत येताना बॅग पडली. डिस्कमधून टकटक आवाज. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दाखवली, एकाने बारा हजार सांगितले आणि काय निघेल त्याची खात्री नाही म्हणाला. दिले. निम्मं निघालं, फाईलींची नावं सगळी गेलेली, नुसते आकडे. अजून सुट्टीत बसून एकेक उघडून नाव देतो. चीफ आता नाहीत, त्यांच्या डायग्रामपैकी चारच सापडल्या.

रानजाई:
जहाजी, बायकोला कळलं तरी ती रागावणार नाही बघा.

टंकलेखिका:
मी सरकारी कार्यालयात होते, निवृत्त झाले. तुम्ही सगळे मशीनचं बोलताय, मी मराठीचं बोलते. आमच्याकडची जुनी तांत्रिक परिपत्रकं, पाणीपुरवठ्याच्या नळयोजनेची मापं, दर, सगळं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी वगैरे. पडद्यावर मराठी दिसतं पण आत साठवलेलं असतं ते रोमन अक्षरांच्या जागांवर, म्हणून शोधायला जा, सापडत नाही. "जलवाहिनी" टाका, शून्य. कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की नुसता काला. युनिकोड (सगळीकडे सारखंच चालणारं टायपिंग) आल्यावर नवीन कागद सुधारले पण आधीचे तसेच पडून आहेत आणि बरेच तर वाकड्या स्कॅनचे फोटो आहेत, त्यांना शोध कसा लागणार. मी निवृत्तीच्या आधी शेवटचं वर्ष घरी बसून माझ्या विषयाची साठ-सत्तर परिपत्रकं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली, कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या जागी आलेल्या मुलीचा अजून फोन येतो, मॅडम सापडलं म्हणून. फार बरं वाटतं.

सिमेंटवाळू:
मॅडम, नमस्कार तुम्हाला. साष्टांग.

कुकरची_शिट्टी:
घाईत लिहितेय, डाळ लावलीय. कुणी ते खोट्या डाउनलोड बटणांचं बोलेल का? एका पानावर पाच हिरवी बटणं, खरी लिंक बारीक अक्षरात खाली. धाकट्या बहिणीने प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणून जे उतरवलं त्याने अख्खा कॉम्प्युटर गेला, तिच्या थिसिससकट. महिनाभर रडत होती, परत लिहिला पोरीने. शिट्टी झाली, आले

जुनीवही:
निळीफाईल, तुमची जुनी लिंक ब्राउझरच्या इतिहासात किंवा प्रिंटच्या तळाशी छापलेली आहे का बघा. नेटकॅफेत काढलेल्या प्रिंटवर बऱ्याचदा पत्ता येतो. असेल तर वेबॅक मशीन नावाच्या साइटवर टाका, तिथे जुनी वेबपानं बघता येतात. इंटरनेट आर्काइव्हवाले १९९६ पासून पानं साठवतायत, २००१ पासून सगळ्यांना बघता येतात, पीडीएफ पण असतात. मूळ कंपनीचं डाउनलोडचं पान २००९ च्या आसपासच्या तारखेचं उघडा, तिथून खाली उतरत जा. मला पंपाचे कर्व्ह असेच मिळालेत. सगळं मिळत नाही, जिथे फॉर्म भरून उतरवावं लागायचं तिथलं सहसा नसतं. आणि आज एखादा चांगला कागद दिसला तर तिथेच "सेव्ह पेज नाऊ" मध्ये पत्ता टाकून ठेवा, अर्धं मिनिट लागतं, आपल्यानंतर येणाऱ्याला उपयोगी पडतो.

निळीफाईल:
जुनीवही, पत्ता होता हो! पानाच्या तळाशी, अर्धा कापलेला, शेवट अंदाजाने जोडला. २००८ चं पान उघडलं पण पीडीएफ तिथे नाही. असू दे. प्रिंट आहे ना, भाऊ आणि मी रविवारी स्कॅन करतोय आणि मॉडेल नंबर, साल सगळं नावात घालून आर्काइव्हवर चढवणार.

पण फाईलीत खाली अजून एक वही निघाली. अण्णांनी उघडलेल्या प्रत्येक मोटारीची नोंद. किती स्लॉट, किती पोल, तारेचा गेज, टर्न, पिच. "३६ स्लॉट, ४ पोल" आणि पुढे कुणाच्या विहिरीवरची ते नाव. नेमप्लेट गंजून गेलेल्या मोटारी, हे तर नेटवर कधी नव्हतंच. काही खुणा मला वाचता येत नाहीत. आकड्यावर आडवी रेघ आणि बाजूला "दु". कुणाला माहितेय?

झेनर_डायोड:
दुहेरी तार असेल. एका जाड तारेऐवजी दोन बारीक तारा एकत्र गुंडाळतात, वळवायला सोप्या जातात. पण माझा अंदाज आहे, वाइंडिंगवाल्यालाच विचारा.

रानजाई:
माझे मागवाले काका, ते नाही सांगू शकणार, पण त्यांच्या शेजारी वाइंडर आहेत, सत्तरीचे, अजून दुकानात बसतात. त्या पानाचा फोटो पाठव, उद्या सकाळी दाखवते. आणि ड्रेन फिल्टरमधून लेकाची हेअरपिन निघाली, मशीन चालू झालं!

जुनीवही:
लेकाची हेअरपिन?

रानजाई:
केस वाढवलेत त्याने.

निळीफाईल:
फोटो पाठवला ताई. विचारलंत की लगेच सांगा, त्या खुणेच्या एकोणीस मोटारी आहेत वहीत.