मशीनच्या आधी पाणी बघा
गाड्या धुऊन-चमकवून देण्याचं काम नव्याने सुरू करणाऱ्याला 'सुरुवातीलाच चांगलं पॉलिशिंग मशीन घ्या' असा सल्ला दिला जातो, तो नवख्यासाठी मला पटत नाही. क्लिअर कोट, म्हणजे गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, मशीनने एकदा घासला गेला की गेला. सराव करायचाच तर भंगारवाल्याकडून गाडीचं जुनं बॉनेट आणा.

पाण्याबद्दल मात्र कोणीच बोलत नाही. पुण्यात घरोघरी जाऊन काम करायचं तर बऱ्याच सोसायट्यांत बोअरचंच पाणी मिळतं, क्षाराचं. काळ्या गाडीवर ते उन्हात वाळलं की थेंबाथेंबाचे पांढरे गोल डाग उठतात आणि नंतर शांपूने हलत नाहीत. गिऱ्हाईक आधी तेच बघतं. म्हणून गाडी सावलीत घ्या, एकेक पॅनेल धुवा आणि लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या. शेवटचा हात आरओच्या (क्षार काढलेल्या) पाण्याचा, स्प्रे पंपाने; छोट्या गाडीला ५-७ लिटर पुरतं.