‘कम्फर्ट वुमन’ला मराठीत काय म्हणावे?

पानउलटी: आमच्या वाचनमंडळासाठी यान रफ-ओहर्न यांच्या १९९४ सालच्या आत्मकथनाचा परिचय लिहिताना एका शब्दाशी अडले आहे. जावा बेटावर वाढलेल्या या डच तरुणीला फेब्रुवारी १९४४ मध्ये जपानी सैन्याने अंबारावाच्या कैदी छावणीतून, आई आणि बहिणींपासून तोडून, सेमारंगच्या एका घरात नेले आणि तिथे अधिकाऱ्यांसाठी कोंडून ठेवले. अशा स्त्रियांना जगभर ‘कम्फर्ट वुमन’ म्हणतात. मी ‘सुखदासी’ लिहिले होते; मंडळातल्या एका ज्येष्ठ बाईंनी ते खोडले आणि इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवा म्हणाल्या. लेखिकेला स्वतःला मात्र ते नावच मान्य नव्हते. आपण युद्धातल्या बलात्काराच्या बळी आहोत, असे त्या स्पष्ट सांगत. मग मराठीत काय लिहावे?

शब्दकिडा: मूळ जपानी शब्द ‘इआन्फु’. त्यातला ‘इआन’ म्हणजे सांत्वन किंवा विरंगुळा, आणि ‘फु’ म्हणजे स्त्री. इंग्रजी शब्द हे त्याचे भाषांतर आहे, तेव्हा भाषांतराचे लिप्यंतर मराठीच्या माथी का मारावे? ‘सैन्यभोग्या’ हा शब्द मी सुचवतो. तो अर्थवाही आहे आणि समास म्हणूनही निर्दोष आहे.

नांदेडकर: समास निर्दोष असेल, पण ‘भोग्या’ म्हणजे भोगण्याजोगी, आणि ही नजर त्या घरी येणाऱ्या अधिकाऱ्याची झाली. शब्द घडवण्यापूर्वी लोक काय बोलत होते ते पाहावे, असे माझे मत आहे. आमच्याकडे १९४८ च्या पोलीस कारवाईच्या आधीच्या रझाकारी दिवसांविषयी आणि कारवाईनंतरच्या दिवसांविषयीही म्हाताऱ्या बायका बोलत तेव्हा ‘पळवली’, ‘नासवली’, ‘बाटवली’ हीच क्रियापदे कानी पडत. दूध नासते तशी बाई नासली, म्हणजे टाकून देण्याजोगी झाली. नासवणारा मात्र वाक्यात कुठेच नाही. माझी आजी तेवढी एका शेजारणीविषयी ‘तिच्यावर जुलूम झाला’ असे म्हणे. मला तोच शब्द सरळ वाटतो.

शब्दकिडा: ‘जुलूम’ अरबी आहे.

नांदेडकर: आजीला हे कळवायला आपण जरा उशीर केलात.

जुनेदप्तर: मराठीत शब्दच नाही, असे कोणी समजू नये. पेशवेकालीन कागदांत ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ हे शब्द गुलाम स्त्रीसाठी येतात, आणि तिच्या खरेदी-विक्रीच्या नोंदीही सापडतात. अडचण अशी की कुणबिणीला एक धनी असे, तिची किंमत ठरलेली असे, आणि आज ‘बटीक’ हा शब्द अग्रलेखांत सत्तेपुढे झुकणाऱ्या संस्थांना लावून लावून गुळगुळीत झाला आहे. त्यामुळे तो इथे चालणार नाही, हे मलाही दिसते. परंतु ‘सुखदासी’तली ‘दासी’ निदान देवळाबाहेरच ठेवावी. वाचकाला लगेच देवदासी आठवते आणि प्रकरण भलतीकडे जाते.

अ‍ॅडलेडकर: रफ-ओहर्न बाई आमच्याच शहरात राहत आणि २०१९ मध्ये त्या इथेच वारल्या, म्हणून लिहितो. सेमारंगच्या त्या घरात प्रत्येक मुलीला एका फुलाचे जपानी नाव देऊन ते तिच्या खोलीच्या दारावर लावले होते. गोड नावे ठेवण्याची खोड सरकारी कागदांपुरती नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘सुख’, ‘सांत्वन’, ‘विरंगुळा’ यांपैकी काहीही मराठीत आणणे मला अशक्य वाटते. संयुक्त राष्ट्रांसाठी राधिका कुमारस्वामी यांनी १९९६ मध्ये केलेल्या अहवालात ‘लष्करी लैंगिक गुलामगिरी’ हाच शब्दप्रयोग योग्य मानला आहे. ‘लैंगिक गुलाम’ लिहा, असेच मी म्हणालो असतो, पण कोरियातल्या काही पीडित आजींना तोही शब्द लाजिरवाणा वाटे. तिथे त्यांना आदराने ‘हाल्मोनी’, म्हणजे आजीच, म्हणतात.

बांगलावाचक: आदराच्या नावांचाही भरवसा नाही. १९७१ च्या युद्धानंतर बांगलादेशाच्या सरकारने अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना ‘बीरांगना’ हा किताब दिला, आणि लोकांनी त्याचे ‘बारांगना’, म्हणजे वेश्या, करून त्यांनाच टोमणे मारले. आपल्या वीरांगना आणि वारांगना यांतही अंतर एका वेलांटीचे आहे. शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी आपली हकीकत उघडपणे सांगत राहिल्या, तरी सरकारने त्यांना मुक्तियोद्धा म्हणून मान्यता दिली ती २०१६ मध्ये.

शब्दकिडा: म्हणूनच भावनेपेक्षा व्युत्पत्तीकडे पाहावे, असे मी म्हणतो. ‘बलात्कार’ हा शब्द मुळात ‘बलात्’, म्हणजे बळाने, केलेली कोणतीही कृती सांगतो. जुन्या मराठीत ‘बलात्काराने’ म्हणजे नुसते ‘जबरदस्तीने’. त्यात अब्रू नाही, शील नाही, बाटणे नाही. ‘विनयभंग’ पाहा, तिथे भंगतो तो बाईचा विनय!

पानउलटी: हे पटते, आणि लेखिकेच्या शब्दाशीही जुळते. सध्या मी ‘जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत डांबलेल्या स्त्रिया’ असे लिहिले आहे आणि रूढ नाव एकदाच अवतरणचिन्हांत दिले आहे. मात्र परिचय वाचून दाखवायचा आहे, आणि अवतरणचिन्हे ऐकू जात नाहीत. शिवाय इतके लांब वाक्यखंड दर परिच्छेदात कसे म्हणायचे? ‘पीडिता’ म्हणावे, तर पन्नास वर्षांनी टोकियोत जाऊन साक्ष देणाऱ्या बाईला तो शब्द अपुरा पडतो.

जुनेदप्तर: ‘तगलेली’ म्हणून पाहा. शब्दकिडा, ‘बाटणे’ कशावरून आले असावे?

शब्दकिडा: मी ते ‘भ्रष्ट’वरून मानतो.

जुनेदप्तर: ‘मुष्टि’चे ‘मूठ’ झाले, ‘दृष्टि’चे ‘दिठी’ झाले. ‘ष्ट’चा ‘ठ’ होतो, मग इथे ‘ट’ कसा राहिला? आणि ‘भ’चा ‘ब’ कोणत्या नियमाने झाला?

नांदेडकर: आमच्या भागात ‘बाटगा’ फक्त धर्म बदललेल्याला म्हणतात. बाईसाठी ते क्रियापद नंतर आले की आधीच होते, हे कोणी सांगेल का?