व्हालेन्तीन सेरोव्ह यांच्या १९०५ सालच्या चित्रात कामगार इतके दूर का?

प्रश्न

रशियातील 'रक्तरंजित रविवारा'विषयी (१९०५ साली कामगारांच्या मोर्चावर झारच्या सैन्याने केलेल्या गोळीबाराविषयी) वाचताना रशियन चित्रकार व्हालेन्तीन सेरोव्ह यांचे पुठ्ठ्यावर टेम्परा रंगात केलेले १९०५ सालचे एक चित्र पाहण्यात आले. 'शिपायांनो, शूर गड्यांनो, कुठे आहे तुमची कीर्ती?' ही एका जुन्या लष्करी गीताची ओळ त्याला नाव म्हणून दिली आहे. उपसलेल्या तलवारी घेतलेले घोडेस्वार पुढे दिसतात, मध्ये मोकळे बर्फ आहे आणि कामगारांचा जमाव मात्र दूरवर, काळपट. मोर्चा ज्यांचा, तेच इतके अस्पष्ट का असावेत? शिवाय ज्याच्या राजवटीविरुद्ध हा रोष, तो झारही कुठे नाही. चित्र अपुरे राहिले, की हा हेतूच होता?

प्रतिसाद १

सेरोव्ह यांनी जे पाहिले ते तसेच पाहिले होते. ९ जानेवारी १९०५ रोजी (आजच्या पंचांगाप्रमाणे २२ जानेवारी) पुतिलोव्ह कारखान्यातील संपामागोमाग सेंट पीटर्सबर्गचे हजारो कामगार पाद्री गापोन यांच्या नेतृत्वाखाली आठ तासांचा दिवस, वाढीव मजुरी आणि संविधान सभा अशा मागण्यांचा अर्ज घेऊन, हातात देवप्रतिमा आणि खुद्द झारच्या तसबिरी धरून हिवाळी राजवाड्याकडे निघाले होते. शहरातल्याच वासिल्येव्स्की बेटावर त्यांना घोडदळाने अडवले, आणि तिथल्याच कला अकादमीच्या खिडकीतून सेरोव्ह ते पाहत होते. पुढ्यात शिपाई आणि पलीकडे माणसे, ही मांडणी त्या खिडकीतूनच आली आहे.

झारचे म्हणाल, तर त्या दिवशी निकोलस दुसरा शहरातच नव्हता, तो शहराबाहेरच्या त्सारस्कोये सेलो या राजनिवासात होता. अर्ज घ्यायला कोणी नाही आणि गोळ्या घालायला सैन्य हजर. त्यामुळे चित्रातली त्याची गैरहजेरी मला फार बोलकी वाटते.

प्रतिसाद २

एक गोष्ट जोडतो. याच सेरोव्ह यांनी १९०० साली झारला समोर बसवून, साध्या लष्करी कोटातले, हात जुळवून टेबलाशी बसलेले त्याचे व्यक्तिचित्र केले होते. मूळ प्रत १९१७ च्या धामधुमीत नष्ट झाली. चित्रकाराने स्वतः केलेली दुसरी प्रत मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. राजाचा चेहरा इतक्या जवळून ओळखणारा माणूस तो टाळतो, तेव्हा ते विचारपूर्वकच असणार.

सैन्याची सूत्रे ज्याच्या हाती होती तो झारचा काका ग्रँड ड्यूक व्लादिमीर हाच कला अकादमीचाही अध्यक्ष होता. ज्यांच्या हुकुमतीखालील सैन्याने रक्त सांडले तेच अकादमीच्या शिरोभागी कसे, असा सवाल करणारे पत्र सेरोव्ह आणि चित्रकार वासिली पोलेनोव्ह यांनी मिळून लिहिले. ते अकादमीच्या सभेत वाचलेच गेले नाही, तेव्हा सेरोव्ह यांनी सदस्यत्व सोडले. नोकरशाहीला अडचणीची कागदपत्रे दडपण्याची सवय तेव्हाही होतीच!

प्रतिसाद ३

वरील विवेचन पटले तरी माझे मत थोडे वेगळे आहे. चित्रकार व्लादिमीर माकोव्हस्की यांनी याच वासिल्येव्स्की बेटावरील याच दिवसाचे मोठे तैलचित्र १९०५ ते १९०७ या काळात केले. त्यात एक माणूस कोट उघडून सैनिकांसमोर छाती पुढे करून उभा आहे, आणि आजूबाजूच्या माणसांचे चेहरे वेगवेगळे ओळखता येतात. कामगारांची बाजू पाहायची तर मला तेच चित्र जवळचे वाटते. सेरोव्ह यांच्याकडे घोडा जितका जिवंत आहे तितका एकही मोर्चेकरी नाही.

प्रतिसाद १

आपला आक्षेप रास्त आहे, पण दोन्ही चित्रांचे काम निराळे होते. सेरोव्ह यांचे चित्र डिसेंबर १९०५ मध्ये 'झुपेल' या उपहासात्मक नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात छापले गेले. छापील पानावर एका नजरेत डंख मारायचा होता, आणि नावातला टोमणा शिपायांना उद्देशून असल्यामुळे पुढे शिपाईच असणे भाग होते. म्हणून 'अपुरे' या शब्दाशी मी सहमत नाही. ते नियतकालिक तीन अंकांनंतर सरकारने बंद पाडले. मूळ चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहे.