आंबोलीत रात्रीची मॅक्रो (लहान जीव अगदी जवळून टिपणं): लेन्स घेऊ की फ्लॅश?

रानवारा: जुलैत आंबोलीला जातोय. क्रॉप सेन्सरचा (छोट्या सेन्सरचा) कॅमेरा, सोबत मिळालेली १८-५५ किट लेन्स. बेडूक, चापडे साप टिपायचेत. बजेट एकाच वस्तूचं. १०० एमएम मॅक्रो लेन्स घेऊ?

चतुर: फ्लॅश घे, डोळे मिटून! एफ/११ एवढं लहान छिद्र (अॅपर्चर) ठेवल्याशिवाय बेडकाचा डोळा आणि नाकाडं एकत्र शार्प येत नाही, आणि तेवढा उजेड टॉर्चमध्ये नसतो. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/२०० सेकंद, आयएसओ ४००, फ्लॅश १/८ ताकदीपासून सुरू कर. फ्लॅशचा उजेड मऊ करणारा डिफ्यूझर हवाच, नाहीतर ओल्या कातडीवर पांढरे डाग. मी पॅकिंगचा पातळ फोम लावते, दिसतो भिकार, चालतो झकास.

रानवारा: आणि मॅग्निफिकेशन, म्हणजे जीव पुरेसा मोठा दिसेल का?

चतुर: बेडकाला किट लेन्स पुरते. किड्यांसाठी नंतर एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) घे.

कोतवाल: ट्यूब लावून चापड्याजवळ जाऊ नका हां. फोकस अगदी लेन्सच्या तोंडाशी येतो, म्हणजे फार जवळ जावं लागतं, आणि चापडा विषारी आहे. लांबून घ्या, क्रॉप करा.