विविधता कमी म्हणजे सरडे बाहेरून आणलेलेच, असं नाही

'वावरक्षेत्राच्या (एखादी जात आढळते त्या प्रदेशाच्या) टोकाला असलेल्या एकाकी गटात जनुकीय विविधता कमी सापडली, म्हणजे ते सरडे कुणीतरी आणून सोडलेले' असा निष्कर्ष काढला जातो, तो मला पटत नाही. हिमयुगानंतर दक्षिणेकडून सरकत आलेल्या मूळच्या गटांतही दर टप्प्यावर थोडेच सरडे पुढे जातात, त्यामुळे टोकाला पोचेपर्यंत विविधता आपोआप झडते. दक्षिण स्वीडनमधला सॅण्ड लिझर्ड ही सरड्याची जात तिथलीच, पण छोट्या गटात अंतःप्रजनन (नात्यातल्या नात्यात प्रजनन) इतकं की काही पिल्लं व्यंग घेऊनच अंड्यातून बाहेर येतात. उलट, १९५१च्या सुमारास इटलीहून अमेरिकेतल्या सिनसिनाटीत आणलेल्या वॉल लिझर्ड या दुसऱ्या जातीच्या साधारण दहा सरड्यांपासून वाढलेल्या गटातही विविधता कमीच. नुसत्या आकड्यावरून या दोघांतला फरक कसा करणार?

खरा पुरावा असतो तो वंशशाखेचा, म्हणजे जवळचे नातलग कुठे सापडतात याचा. शेपटीचं टोक, अल्कोहोलची छोटी कुपी, एवढ्यावर हे डीएनएतून कळू शकतं. इंग्लंडमधल्या वॉल लिझर्डचे काही गट पश्चिम फ्रान्सच्या शाखेचे निघाले, तर काही थेट इटलीच्या. त्या इटालियन नरांची पाठ हिरवीगार, वर काळी जाळी. फ्रेंच वंशाचे बहुतेक तपकिरी. इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या जर्सी बेटावर तर ईशान्य किनाऱ्यावरचे मूळचे आणि पश्चिमेकडचे आणलेले, असं एकाच बेटावर दोन्ही आहे! फक्त मायटोकॉण्ड्रियल डीएनएवर (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातल्या डीएनएवर) थांबू नका मात्र. तो आईकडूनच येतो, त्यामुळे संकर झाला असेल तर बापाची बाजू दिसतच नाही. केंद्रकातला डीएनएही तपासायलाच हवा, कारण कुणाला संरक्षण द्यायचं हे मूळचे कोण आणि आणलेले कोण यावर ठरतं.