ओव्हरस्पीडचं चलान आलंय, जीपीएस रेकॉर्ड दाखवून लढता येईल का?

सरळरस्ता:
नमस्कार मंडळी, काल चलान आलं. लिमिट ६० ची आणि माझा वेग ८३ लिहिलाय, वेळ संध्याकाळी ६ वाजून ४२ मिनिटं १० सेकंद, सोबत गाडीचा मागून काढलेला फोटो. मी एवढ्या जोरात गाडी चालवतच नाही हो, रोजचा रस्ता आहे, कॅमेरा कुठे आहे तेही माहितीये. फोनमधल्या ॲपवर त्या दिवशीची ट्रिप सेव्ह आहे, त्या पट्ट्यात ५८ दाखवतंय. शिवाय गाडीत ट्रॅकर लावलेलाय तोही ५८ च्या आसपासच म्हणतोय. दोन वेगवेगळी यंत्रं एकच सांगतायत म्हणजे त्यांचा कॅमेराच चुकला असणार ना? दंड भरून मोकळं होता येईल पण लायसन्सवर नोंद राहणार, आणि न केलेल्या गोष्टीची नोंद का म्हणून राहू द्यायची. कोणी असं जीपीएस दाखवून चलान रद्द करून घेतलंय का? स्क्रीनशॉट चालतात की अजून काही लागतं?

नकाशावेडा:
दादा, आधी एक सांगा, ते ५८ म्हणजे त्या सेकंदाचा वेग आहे की त्या पट्ट्याची सरासरी? सगळं इथेच अडतं. ॲपवर ट्रिप उघडली की बहुतेक वेळा सरासरी दिसते आणि सरासरीने काहीच सिद्ध होत नाही. हिशोब करून बघा, ३० सेकंदांतले १० सेकंद तुम्ही ८३ ने गेलात आणि उरलेले २० सेकंद ४६ ने, तर सरासरी येते ५८. कॅमेऱ्याने त्या १० सेकंदांतला एखादा क्षण पकडला असेल तर तुमचं ५८ पण खरं आणि त्यांचं ८३ पण खरं.

ट्रॅकरचं पण तेच, तो किती सेकंदांनी नोंद करतो ते बघा. बरेच ट्रॅकर बॅटरी आणि डेटा वाचवायला १०, ३० किंवा ६० सेकंदांनी एकदाच नोंद टाकतात. ६० च्या वेगाने गाडी ३० सेकंदांत ५०० मीटर जाते, तेवढ्या अंतरात माणूस एक ट्रक ओव्हरटेक करून परत आपल्या लेनमध्ये येतो आणि ट्रॅकरला पत्ताच लागत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या पेटालुमाची केस गाजली होती, २००७ मध्ये १७ वर्षांच्या एका मुलाला ताशी ४५ मैलांची लिमिट असलेल्या रस्त्यावर ताशी ६२ मैलांनी जाताना रडारवर पकडला, घरच्यांनी गाडीत बसवलेला ट्रॅकर म्हणत होता ४५. दोन वर्षं लढले ते लोक आणि शेवटी निकाल विरोधात गेला. त्या ट्रॅकरच्या दोन नोंदींमध्ये ३० सेकंदांचं अंतर होतं.

म्हणजे जीपीएस वाईट असं अजिबात नाही, उलट वेग मोजण्यात ते जागा दाखवण्यापेक्षा जास्त नेमकं असतं आणि हे लोकांना माहीत नसतं. जागेत मोकळ्या आकाशाखाली पण ४-५ मीटरची चूक सहज होते. वेग मात्र चांगला रिसीव्हर दोन ठिकाणांमधलं अंतर भागिले वेळ असा काढतच नाही, सॅटेलाइटच्या सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीत जो फरक पडतो त्यावरून काढतो, डॉपलर म्हणतात ते. रडार गनचं तत्त्वही तेच. आकाश मोकळं असेल आणि वेग स्थिर असेल तर चूक ताशी एक किलोमीटरच्या आतच राहते. उंच इमारती, पूल, बोगदा, दाट झाडी असेल तर सिग्नल आपटून येतो आणि भरवसा कमी होतो. जोरात ब्रेक मारला किंवा एकदम पिकअप घेतला तर फोन आकडा गुळगुळीत करून दाखवतो, एक-दोन सेकंद मागेच असतो.

म्हणून स्क्रीनशॉट सोडा, मूळ फाईल शोधा. सेकंदाला एक नोंद असलेली मिळाली तर बोलण्यात अर्थ आहे.

ताफावाली:
मी आमच्या गाड्यांचा हिशोब बघते, सामान पोचवणाऱ्या १४ गाड्या आहेत, त्यामुळे चलान आणि जीपीएस हे माझं रोजचं काम आहे. जीपीएस दाखवून आम्ही चलान रद्द करून घेतलंय, पण वेगावर वाद घालून नाही. आमची गाडी त्या वेळी गोदामात माल भरत उभी होती, पावणेदोन तास जागची हलली नव्हती, आणि चलान आलं दुसऱ्याच रस्त्यावरचं. नंबरप्लेटवरचा एक आकडा मशीनने चुकीचा वाचला होता. ट्रॅकरचा रिपोर्ट, गोदामाच्या गेटची नोंद आणि फोटोतल्या गाडीचा वेगळा रंग असं तिन्ही जोडून पाठवलं, मिटलं. "गाडी तिथे नव्हतीच" हे सांगायला ३० सेकंदांचा ट्रॅकर पण पुरतो. "तिथे होती पण हळू होती" हे सांगायला नाही पुरत.

आणि एक कळकळीने सांगते, जे काही कराल ते लगेच करा. ट्रॅकर कंपन्या जुना बारीक डेटा ठरावीक दिवसांनी पुसतात, डॅशकॅम तर कार्ड भरलं की स्वतःच जुन्यावर नवीन लिहितो. एका ड्रायव्हरचं म्हणणं मला शंभर टक्के खरं वाटत होतं पण कार्ड काढायला आम्ही तीन आठवडे लावले आणि तोवर सगळं गेलं होतं, त्या पोराने उगाच दंड भरला, मला अजून वाईट वाटतं त्याचं. फाईल मिळाली की तिला हात लावू नका, उघडून परत सेव्ह पण करू नका. कॉपी काढा आणि कॉपीवरच काय ते बघा.

सरळरस्ता:
ताई, डॅशकॅम आहे माझ्याकडे! लक्षातच नव्हतं. त्याला जीपीएस पण आहे, व्हिडिओवर वेग येतो खाली. कार्ड काढून ठेवलंय आत्ताच. आणि स्पीडोमीटर ६० च्या आसपास होता हे मला आठवतंय, ते सांगितलं तर चालेल का?

नकाशावेडा:
आठवण कोणी धरत नाही, पण मीटरबद्दल एक उपयोगाची गोष्ट आहे. गाड्यांच्या मीटरसाठी युनायटेड नेशन्सचा ३९ नंबरचा नियम आहे, त्यानुसार मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही, जास्त दाखवलं तर चालतं. म्हणजे मीटरवर ६० असेल तर खरा वेग ६० किंवा त्याहून कमी. फक्त टायर कंपनीने दिलेल्या मापाचेच हवेत, मोठे टाकले असतील तर मीटर कमी दाखवायला लागतं.

कार्डावर व्हिडिओसोबत एखादी टेक्स्ट फाईल आहे का बघा, त्यात आरएमसी असं लिहिलेल्या ओळी असतात, प्रत्येक सेकंदाला एक. दोन गोष्टींत लोक फसतात. त्यातली वेळ यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्या घड्याळाची नाही, त्यामुळे तास आणि मिनिटं बदलून घ्या. आणि वेग नॉट्समध्ये असतो, जहाजांचं माप ते, १.८५२ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. एकाने मला आनंदाने फाईल पाठवली होती की बघा ४४ आहे, ते ४४ नॉट्स होते म्हणजे ८१.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, फक्त घड्याळ जुळवू नका, जागा जुळवा. जीपीएसची वेळ पक्की असते पण कॅमेऱ्याचं घड्याळ काही सेकंद इकडेतिकडे असू शकतं. फोटोत गाडी रस्त्यावरच्या कुठल्या पट्ट्यावर आहे ते बघून फाईलमध्ये तीच जागा शोधा.

वाटसरू७:
मध्येच बोलतो, पण सगळे जीपीएसवरच बोलतायत म्हणून. समोरच्याचं यंत्र कोणतं आहे ते पण बघा, प्रत्येकाची खोड वेगळी. हातातल्या रडार गनचा झोत साधारण १२ अंश पसरतो, १०० मीटरवर तो २० मीटर रुंद होतो, म्हणजे पाच-सहा लेन आल्या त्यात, शेजारून मोठा ट्रक जोरात गेला तर आकडा त्याचा आणि नाव तुमचं असं होऊ शकतं. लेझर गनचा ठिपका ३०० मीटरवर पण मीटरभराचाच असतो, तिथे हे कारण चालणार नाही. रडार तिरकं होतं म्हणून जास्त दाखवलं असं बरेच जण लिहून देतात ते उलटं आहे, उभ्या जागेवरून तिरकं मोजलं तर वेग कमीच दिसतो, २० अंशात ८० चे ७५ होतात. फोटोत शेजारी दुसरी गाडी आहे का? आणि यंत्राच्या तपासणीचं सर्टिफिकेट मागून घ्या.

सरळरस्ता:
काल रात्री दोन वाजेपर्यंत बसलो होतो. फाईल मिळाली, सेकंदाला एक ओळ, १० सॅटेलाइट दिसतायत, आकाश मोकळंच आहे तिथे. वेळ बदलून घेतली आणि ६:४२:१० ची ओळ काढली, ३१.५ नॉट्स म्हणजे ५८! खरं सांगतो, उडी मारली मी. लगेच अर्ज लिहायला घेतला होता.

मग नकाशावेडा दादांचं जागेचं आठवलं. फोटोत गाडी कॅमेऱ्यासमोरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आहे, आणि त्या ५८ च्या ओळीची जागा नकाशावर टाकली तर ती पट्ट्यांच्या जवळपास शंभर मीटर पुढे येतेय. चार-पाच मीटरची चूक समजू शकतो, शंभर नाही. मागे मागे जात पाहिलं तर पट्ट्यांवर मी ५ सेकंद आधी होतो, आणि तिथे ४४.६ नॉट्स आहेत. म्हणजे साडेब्याऐंशी.

व्हिडिओ लावला. एक टँकर रखडत चालला होता, मी त्याला ओव्हरटेक केलं आणि लगेच वेग कमी केला. मला ते आठवतच नव्हतं हो. मी इथे छातीठोक लिहिलं की मी एवढ्या जोरात चालवतच नाही, आणि लिहिताना ते मला खरंच वाटत होतं. व्हिडिओत पट्ट्यांच्या थोडं पुढे फुटपाथच्या कडेला एक बाई लहान मुलीचा हात धरून उभी आहे, रस्ता क्रॉस करायला. ती पण मला दिसली नव्हती त्या दिवशी.

ताफावाली:
दादा, त्यांचं घड्याळ ५ सेकंद पुढे आहे एवढा मुद्दा धरून कोणीतरी अर्ज करेल. पण रडार वेग स्वतः मोजतं, फोटोवरच्या घड्याळावरून नाही, त्यामुळे आकडा त्याने बदलत नाही. तुम्ही काय ठरवताय?

सरळरस्ता:
भरला ताई, सकाळीच. घड्याळाचं त्यांना वेगळं कळवलंय, कारण पुढच्या माणसाची फाईल खरंच त्याच्या बाजूची असेल तर हे ५ सेकंद त्याला नडतील. आणि ट्रॅकरवाल्यांना सांगून नोंद दर सेकंदाची करून घेतोय.